रात्री हवा सोडणारा बोअर बुजवावा का?

औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: काळ्या रानात दोन वर्षांपूर्वी साडेपाचशे फुटांचा बोअर घेतला. पहिल्या वर्षी दिवाळीपर्यंत पाणी दिलं, मग आटला. मोटार काढून घेतली आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवला. आता रात्री राखणीला गेलं की त्या फटीतून शिट्टीसारखा आवाज येतो, हात धरला तर हवा लागते. एकदा संध्याकाळी रुमाल धरला तर तो उलटा आत ओढला गेला. गावात बोलणं सुरू झालंय. कुणी म्हणतं गॅस आहे, कुणी म्हणतं किल्लारीसारखं काहीतरी होणार. आजी लिंबू-नारळ ठेवून आलीय. वडील म्हणतात मुरूम टाकून बुजवून टाकू. "हे नेमकं काय आहे, बुजवावा का, आणि इतकी वर्षं या कामात आहात तर असलं विचित्र अजून काय काय पाहिलंत?"

दादा, भूजलाच्या सर्वेक्षणात माझी तीसेक वर्षं मराठवाड्यातच गेली. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजायची असते. टेप घेऊन विहिरीवर उभं राहिलं की गावातली माणसं गोळा होतात आणि पाण्याच्या गोष्टी सुरू होतात. बोलणारा बोअर, तेलाची विहीर, जमिनीखालची नदी. ऐकायला मला आवडतं, अजूनही. पण माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: किती वाजता? हा प्रश्न तुम्हालाही विचारतोय, कारण तुमच्या पत्रात "रात्री" आहे, "संध्याकाळी" आहे, पण वेळ नाही. आणि तुमच्या बाबतीत निम्मं उत्तर त्या वेळेतच आहे.

आधी मोकळेपणानं सांगतो: जागा न बघता छातीठोक निदान करता येत नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फूट आहे, पाणी कुठल्या थरात लागलं होतं, आजूबाजूला किती बोअर चालतात, यावर बरंच ठरतं. तरीही तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन शक्यता मला दिसतात आणि दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. बुजवायची घाई नको. तोंड मात्र आजच नीट बंद करा. फरशीचा तुकडा हे झाकण नव्हे.

आता कारण. आपल्या भागातला खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो. वरच्या भागात लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, तो आपला मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा तांबडा पट्टा लागतो. पाणी धरतो तो मुरूम, फुटलेला मांजऱ्या आणि पाषाणातल्या भेगा. आता विचार करा, ज्या मांजऱ्यात पाणी होतं ते उपसून संपलं, तर तिथे काय राहिलं? हवा. आणि वर काय आहे? काळी माती, जी ओली असताना हवेला जवळपास जाऊच देत नाही. म्हणजे खाली हवेचं मोठं कोठार, वर घट्ट बूच, आणि त्या बुचाला आरपार भोक एकच: तुमचा साडेसहा इंची बोअर.

बाहेरच्या हवेचा दाब दिवसभर सारखा नसतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या आणि पहाटे चारच्या सुमारास सगळ्यात कमी. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखं हे रोज चालतं, फक्त त्याला कारण मुख्यतः सूर्याच्या उष्णतेचं आहे. दुपारची उतरण तीन-चार मिलीबारची असते, रात्रीची त्याहून कमी. बाहेरचा दाब उतरला की खालची हवा बोअरमधून वर येते, चढला की बाहेरची हवा आत जाते. म्हणजे रात्री दहानंतर पहाटेपर्यंत बोअर हवा सोडणार, आणि दुपारी चारनंतर रात्री दहापर्यंत ओढणार. तुमचा रुमाल संध्याकाळी आत गेला आणि शिट्टी रात्री वाजते, हे या वेळापत्रकात चपखल बसतं. खालचा खडक किती मोकळा आहे त्यावर तास-दोन तास पुढे-मागे होतं.

मग लोक म्हणतात, एवढ्याशा फरकानं शिट्टी कशी वाजेल? हिशेब करून बघू. समजा पंचवीस एकरांखाली पाच मीटर जाडीचा कोरडा मांजऱ्या एकमेकांना जोडलेला आहे आणि त्यात शंभराला दोन भाग पोकळी आहे. म्हणजे सुमारे १०,००० घनमीटर हवा. औशाच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९४५ मिलीबार. त्यात तीनचा फरक पडला तर हजाराला तीन भाग हवा बाहेर यायला हवी. ती झाली ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर. ट्रॅक्टरचे पाच-सहा टँकर भरतील एवढी. साडेसहा इंचाचं तोंड उघडं असेल तर सहा तासांत ती इतकी सावकाश निघून जाते की कळतही नाही. तुम्ही त्यावर फरशी ठेवली. आता तीच हवा बोटभर फटीतून निघतेय. शिट्टी फरशीनं आणली. फरशी पूर्ण बाजूला सारा, आवाज जाईल. पण बोअर उघडा ठेवून निघून जाऊ नका, बघून लगेच झाका.

आणि भूत रात्रीच का येतं? सकाळी दहा ते दुपारी चार बोअर हवा सोडतोच, खरं तर रात्रीपेक्षा जास्त जोरानं. पण तेव्हा वारा असतो, ट्रॅक्टर असतो, पाखरं असतात, आणि बोअरच्या तोंडाशी कान लावून कुणी बसत नाही. आजींना एवढंच सांगा की दुपारी बारा वाजता पातळ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बोअरपाशी चला. भर दुपारी पिशवी फुगताना दिसली की त्यांची अर्धी भीती जाईल. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा आपल्यावर आला की असा बोअर दिवसरात्र सलग हवा सोडतो. जुनी माणसं "बोअर वाजला की पाऊस येतो" म्हणतात ती उगीच नाही.

ही झाली पहिली शक्यता. दुसरी मला परभणी जिल्ह्यातल्या एका गावात भेटली, आणि विचित्र म्हणून मी आजही तिचा नंबर वर लावतो. तिथला बोअर कोरडाच होता. त्याला हळद-कुंकू लागलेलं. गावकऱ्यांची तक्रार अशी की हे भूत दर आठवड्याला वेळ बदलतं. काही दिवस रात्री फुंकतं, काही दिवस भर दुपारी. माझं हवेच्या दाबाचं गणित तिथे बसेना, कारण सूर्य काही आठवड्याला पाळी बदलत नाही. शेवटी बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सहज सांगितलं, "सायेब, लाइट आली की ओढतंय अन् लाइट गेली की फुकतंय बघा." झालं! शेतीपंपाच्या थ्री-फेज लाइटची पाळी बदलायची तशी भुताची पाळी बदलायची. शेजारच्या रानातले तीन बोअर त्याच भेगेवर होते. लाइट आली की तिन्ही मोटारी एकदम चालू. पाणी खाली जायचं आणि रिकाम्या झालेल्या जागेत या कोरड्या बोअरमधून हवा ओढली जायची. लाइट गेली की पाणी पुन्हा चढायचं आणि हवा बाहेर ढकलायचं. खात्री करायला तिघांना एक पाळी मोटारी बंद ठेवायला लावल्या. त्याला ते तयार व्हायलाच दोन दिवस गेले, उभा ऊस होता. त्या पाळीत बोअर गप्प होता. गावाला ही गोष्ट आधी का कळली नाही याचं मला नवल वाटलं नाही: लाइट येते तेव्हा जो तो आपापल्या मोटारीपाशी असतो.

म्हणून तुमच्याकडे लाइटची पाळीही लिहून ठेवायला हवी. वेळ घड्याळाला बांधलेली निघाली तर हवेचा दाब, लाइटला बांधलेली निघाली तर शेजाऱ्याची मोटार. दुसरं असेल तर ती तुमच्यासाठी उपयोगाची बातमी आहे. ज्या भेगेवर शेजारी पाणी उपसतो तीच तुमच्या बोअरला लागलेली आहे, फक्त पाणी तुमच्या भेगेच्या खाली गेलंय. पावसाळ्यानंतर ते वर येऊ शकतं.

आता "अजून काय पाहिलंत" याचं उत्तर. सगळं सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही, आणि सगळ्याच गोष्टी सांगण्यासारख्याही नाहीत.

बीड जिल्ह्यात एकदा बोअर पाडणारी गाडी लागली होती, काम चालू होतं. तीनशे फुटांच्या आसपास हातोडी एका भेगेत गेली आणि दोनशे फुटांवरच्या शेजाऱ्याच्या चालू बोअरमधून फेस आणि पाण्याचं कारंजं उडालं. मोटारीचा पाइप वर उचलला गेला. दोन्ही घरची माणसं बाहेर. एक म्हणतोय माझ्या बोअरवर करणी केली, दुसरा म्हणतोय माझ्या नशिबाचं पाणी याच्याकडे गेलं. कॉम्प्रेसर बंद केला, कारंजं बसलं. कॉम्प्रेसरची हवा भेगेतून पलीकडे निघाली होती, एवढंच. मी म्हणालो, दोघांचं पाणी एकच आहे, दुसरा बोअर घेऊन पाणी दुप्पट होत नाही, इथे थांबा. थांबले नाहीत. कोण थांबतो?

तेलाची विहीर हा प्रकार तर वारंवार येतो. पाण्यावर सप्तरंगी तवंग, बाजूला तांबूस चिकट साय, आणि गावात बोलणं की पेट्रोल लागलं. एका गावचे सरपंच बाटली भरून जिल्ह्याला निघाले होते, आणि त्या रानाचा भाव रात्रीत वाढला होता म्हणे. अशा वेळी मी एक काडी घेतो आणि तवंगात फिरवतो. तवंग काचेसारखा तुकडे-तुकडे होऊन फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. पाण्यात लोह असतं, जुनं केसिंग गंजलेलं असतं, त्यावर ते पोसतात. तेल असेल तर काडी काढल्याबरोबर पुन्हा एकसंध होतं. आपल्या भागात माझ्यासमोर तवंग दरवेळी फुटलाच आहे. त्या सरपंचांनी पुढे माझ्याशी बोलणं कमी केलं.

खोल बोअरचं पाणी कोमट येतं म्हणूनही लोक घाबरतात. जमिनीत जसजसं खाली जावं तसं तापमान वाढतं, किलोमीटरला ढोबळमानानं पंचवीस-तीस अंश. हजार फुटांवरून आलेलं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी गरम असणारच. थंडीत सकाळी त्याला वाफ दिसते. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे माहीत असतील; तिथेही पाणी खोल जाऊन तापतं आणि भेगेतून वर येतं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुमच्या बोअरशी संबंधित असू शकते म्हणून सविस्तर सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात दोन सख्खे भाऊ, वाटण्या झालेल्या. थोरल्याकडे वडिलांच्या वेळची पंचेचाळीस फुटांची विहीर आली. धाकट्यानं आपल्या वाट्यात, विहिरीपासून पन्नास-साठ पावलांवर सातशे फुटांचा बोअर घेतला. केसिंग मुरमापुरतं, वीस फूट. बोअर कोरडा गेला. पण तोंडाशी कान लावला की आतून अखंड पाणी वाहल्याचा आवाज. बघता बघता गावात झालं की जमिनीखाली नदी आहे, बोअर थोडक्यात चुकला. पाणाड्यानंही नारळ हातावर उभा करून तेच सांगितलं. धाकट्यानं कर्ज काढून बोअर आणखी खोल नेला. तरीही पाणी नाही, आवाज तसाच.

मला बोलावलं ते थोरल्यानं, कारण त्याची विहीर दरवर्षी मार्चपर्यंत टिकायची ती त्या वर्षी जानेवारीतच तळाला गेली होती. मी दुपारी डोक्यावर ऊन असताना आरसा घेतला आणि बोअरमध्ये कवडसा पाडला. ही आमची जुनी युक्ती, कॅमेरे नव्हते तेव्हापासूनची. चाळीसेक फुटांवर एका बाजूची भिंत चमकत होती आणि तिथून पाण्याची बारीक धार सुटून खाली अंधारात पडत होती. वाहणारी नदी ती हीच. धाकट्याच्या बोअरनं वरच्या मांजऱ्याला भोक पाडलं होतं. थोरल्याच्या विहिरीला येणारं पाणी त्या भोकातून शेकडो फूट खाली पडत होतं आणि खालच्या कोरड्या भेगा ते पिऊन टाकत होत्या. ना याला, ना त्याला. दोघांनी आळीपाळीनं आरशात बघितलं. कुणी काही बोललं नाही, धाकट्याची बायको मात्र म्हणाली, "म्हंजे आमच्या पैशानं आमचंच पाणी खाली सोडलं."

उपाय होता. बोअरचा खालचा सगळा भाग मुरूम आणि चिकणमाती टाकून विहिरीच्या तळाच्या पातळीपर्यंत भरून आणायचा, म्हणजे गळती थांबते. त्यांनी तो केला. पुढच्या वर्षी विहिरीनं पुन्हा मार्चपर्यंत साथ दिली. पाऊसही त्या वर्षी बरा होता, त्यामुळे सगळं श्रेय मी बुजवण्याला देणार नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींवर बंधन घालतो, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली. लोक त्याला कागदावरचा नियम म्हणतात. ती धार बघितली असती तर कदाचित म्हणाले नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी हजार-हजार फुटांचे बोअर पडताना बघितले. खाली पाताळगंगा आहे या आशेवर. किल्लारीला भूकंपाच्या अभ्यासासाठी जो खोल बोअर घेतला त्यात ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या आसपास, हा काळा खडकच संपला. खाली सातआठ मीटर गाळाचे थर आणि त्याखाली जुना पाया-खडक. गंगा काही निघाली नाही.

म्हणून तुमच्या बोअरपाशी रात्री आवाज नीट ऐका. शिट्टी किंवा फुसफुस असेल तर हवा. पण फरशी काढल्यावर खळखळ किंवा टपटप येत असेल, तर आसपास कुणाची विहीर लवकर आटायला लागलीय का ते विचारा. तसं असेल तर मात्र वडिलांचं बरोबर आहे, बोअर बुजवायचा. फक्त वरून दोन टोपली मुरूम टाकून नाही, तळापासून भरत यायचं.

आता किल्लारी. गाव तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे घरात ही भीती असणारच आणि तिला मी हसणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका उरकून गावं झोपली होती. ६.२ तीव्रता, हजारो माणसं गेली. आदल्या वर्षी तिथे लहान हादरे जाणवले होते, हेही खरं. त्यामुळे जमिनीतून आवाज आला की आपल्याकडचा माणूस दचकतो, त्याला अडाणी म्हणणाऱ्याला मी जवळ करत नाही. निलंगा तालुक्यातल्या हासोरीत २०२२ मध्ये असे आवाज आले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं येतात, आणि हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. उथळ, लहान भूकंपाची लहर जमिनीतून हवेत शिरली की तोफेसारखा किंवा दूरच्या गडगडाटासारखा आवाज होतो.

फरक ओळखायला सोपा आहे. भूकंपाचा आवाज काही सेकंदांत संपतो, भांडी किंवा पत्रे वाजतात, आणि एकाच वेळी अनेक घरांना, अनेकदा अनेक गावांना ऐकू येतो. तुमच्या बोअरचा आवाज तासन्‌तास चालतो आणि बांधापलीकडच्यालाही ऐकू जात नाही. शिवाय भूकंपाचं मूळ काही किलोमीटर खोल असतं. तुमचा बोअर साधारण १६८ मीटरचा. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी हवा आतबाहेर होत असेल तर त्याचा भूकंपाशी संबंध नाही. गडगडाट ऐकू आला तर वेळ लिहा आणि तहसीलला कळवा, ते वेगळं प्रकरण आहे.

गॅसचं काय? आपल्या बेसाल्टमधून, म्हणजे या काळ्या लाव्हाच्या खडकातून, जळणारा वायू निघणं ही नेहमीची गोष्ट नाही. पण म्हणून काडी पेटवून खात्री करायला जाऊ नका. सडक्या अंड्याचा वास असेल तर तो पाण्यात कुजणाऱ्या गोष्टींमुळे आणि जिवाणूंमुळे येतो. तसा वास असेल तर मला वेगळं लिहा.

खरी धोक्याची जागा दुसरीच आहे आणि तिच्याबद्दल गावात कुणी कुजबुजत नाही. बोअरमधून वर येणारी हवा बराच काळ मातीत आणि खडकात कोंडलेली असते. तिच्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. उघड्या रानात ती वाऱ्यावर जाते, काही होत नाही. पण आपल्याकडे विहिरीच्या तळात उभे-आडवे बोअर मारलेले असतात. मे महिन्यात पाणी तळाला जातं, त्या बोअरची तोंडं उघडी पडतात, आणि त्याच वेळी गाळ काढायला माणसं उतरतात. सकाळी दहा ते दुपारी चार, म्हणजे नेमकं कामाच्या वेळी, बाहेरचा दाब उतरत असतो आणि बोअर कोंदट हवा विहिरीत सोडत असतात. कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाला बसतो. पहिला माणूस भोवळ येऊन पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. पेपरात दर उन्हाळ्यात अशी बातमी असते. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. तो विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण तो जळत राहिला म्हणून आत सुरक्षित आहे असं धरू नका. कमरेला दोर, वर ओढायला माणसं, आणि आधी कॉम्प्रेसर किंवा पंख्यानं हवा खेळती करणं याला पर्याय नाही. तुमच्या भावकीत कुणाच्या विहिरीत बोअर असतील तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

दुसरा धोका लहान मुलांचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय की सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरायचा आणि वापरातल्या बोअरला घट्ट झाकण हवं. फरशी एका गुराच्या धक्क्यानंही सरकते. केसिंगला आटे पाडून लोखंडी टोपी बसवा किंवा वेल्डिंग करून घ्या. हवेसाठी त्यात अर्ध्या इंचाचा नळ उलटा वाकवून सोडा आणि तोंडाला जाळी लावा. शिट्टी नको असेल तर नळ थोडा मोठा घ्या.

बुजवण्याचा निर्णय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत लांबवा असं माझं मत आहे, खळखळ ऐकू येत नसेल तर. हवा आतबाहेर होतेय याचा अर्थ बोअर मोकळ्या, एकमेकांना जोडलेल्या थराला लागलेला आहे. असा थर पाणीही घेतो. घराच्या छपराचं किंवा शेततळ्याचं नितळ पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून त्यात सोडता येईल, आणि त्याचा फायदा तुमच्या शेजाऱ्यालाही होईल. रस्त्याचं, गोठ्याचं किंवा फवारणी केलेल्या रानातलं वाहून आलेलं पाणी त्यात सोडायचं नाही. एकदा ते खाली गेलं की परत काढता येत नाही.

आता आठ दिवस एक काम करा. एक वही घ्या. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा अशा चार वेळा बोअरच्या फटीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. फुगली की ओढली गेली, एवढंच लिहा. पुढे त्या वेळी थ्री-फेज लाइट होती की नाही, शेजारच्या मोटारी चालू होत्या का, आभाळ होतं का. मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवण्याची सोय असेल तर तो आकडाही लिहा. लाइटची पाळी त्या आठ दिवसांत एकदा तरी बदलली पाहिजे, म्हणजे दोन्ही शक्यता वेगळ्या करता येतील. वहीच्या पानांचा फोटो पाठवाल तेव्हा केसिंग किती फूट आहे, गाडीवाल्यानं पाणी किती फुटांवर लागलं म्हणून सांगितलं होतं, आणि सगळ्यात जवळची विहीर किती लांब आहे हेही कळवा.